विश्लेषण : थकल्यावर चांगल्या सवयी सुटतात, मग खर्रा का सुटत नाही?

जुलै-ऑगस्टमध्ये गडचिरोली आणि चंद्रपूरच्या धानपट्ट्यात रोवणी सुरू झाली की घराघरांतला दिवस अंधारातच उजाडतो. दिवसभर चिखलात कंबर वाकवून माणसे संध्याकाळी परततात. आरोग्य विभागाने दिलेली मच्छरदाणी पेटीतच राहते, लोहाची गोळी उद्यावर जाते आणि रात्रीच्या ताटातली भाजी गळते. एक गोष्ट मात्र कितीही थकवा असला तरी चुकत नाही, ती म्हणजे खर्रा. चंद्रपुरात रात्रपाळी करून परतणाऱ्या कामगाराचे वेळापत्रक वेगळे असले तरी गणित हेच आहे. चालणे बंद पडते, तंबाखू बंद पडत नाही. असे का होते, थकव्यातही टिकणारी सवय कशी लागते आणि कोणता थकवा ‘काम जास्त झाले’ म्हणून सोडून देऊ नये, याविषयी.

थकल्यावर इच्छाशक्ती संपते का?

बराच काळ शास्त्रज्ञांचे उत्तर ‘हो’ असे होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एक गाजलेला प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांसमोर ताजी बिस्किटे ठेवून त्यांना फक्त मुळा खायला सांगितले. बिस्किटांचा मोह आवरलेल्या या मंडळींनी पुढे दिलेले न सुटणारे कोडे इतरांपेक्षा लवकर सोडून दिले. यावरून इच्छाशक्ती टाकीतल्या पाण्यासारखी वापरली की संपते, असा सिद्धांत मांडला गेला. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून अधिक लोकांवर याच कल्पनेची फेरतपासणी केली, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. टाकीची कल्पना त्यानंतर डळमळीत झाली आहे.

या विषयाला अधिक लागू पडणारे संशोधन २०१३ चे आहे. डेव्हिड नील, वेंडी वूड आणि एमी ड्रोलेट यांनी परीक्षेच्या काळात दमलेल्या विद्यार्थ्यांच्या सवयी तपासल्या. ताण वाढला तेव्हा गोडधोड नाश्त्याची सवय असलेले तेच अधिक खाऊ लागले. गंमत म्हणजे ज्यांना पौष्टिक नाश्त्याची सवय होती, त्यांचा पौष्टिक नाश्ताही वाढला. थोडक्यात, थकवा सवयी मोडतो हे अर्धेच खरे आहे. थकलेला माणूस विचार करून निवड करण्याचे टाळतो आणि अंगवळणी पडलेले तेवढे करतो. मोबाइल बॅटरी सेव्हरवर गेला की नवे काही सुरू होत नाही, आधीपासून ठरलेल्या मोजक्या गोष्टी चालू राहतात, तसेच काहीसे.

खर्रा वर्षानुवर्षांचा आहे आणि मच्छरदाणी दर रात्री नव्याने ठरवावी लागते. थकलेल्या रात्री कोण जिंकणार हे त्यामुळे आधीच ठरलेले असते. यात आळस शोधण्यात अर्थ नाही.

खर्रा खरेच थकवा घालवतो का?

सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून तयार होणारा खर्रा पूर्व विदर्भात पानठेल्यापासून बांधीच्या धुऱ्यापर्यंत सगळीकडे पोहोचला आहे. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, त्यानंतर सुगंधित तंबाखू आणि सुपारीवरही निर्बंध आले. पन्नीत बांधलेला खर्रा मात्र हातोहात फिरतच राहिला.

तो खाल्ल्यावर तरतरी येते, हा अनुभव खोटा नाही. निकोटिन मेंदूपर्यंत लवकर पोहोचते आणि थोडा वेळ सावधपणा वाढतो. सुपारीतही उत्तेजक द्रव्य असते. अडचण त्यानंतर सुरू होते. रक्तातील निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. ते उतरू लागले की चिडचिड, अस्वस्थता, मरगळ आणि लक्ष न लागणे ही लक्षणे दिसतात आणि पुन्हा खर्रा खाल्ला की ती जातात. खाणाऱ्याला वाटते, खर्ऱ्याने थकवा गेला. प्रत्यक्षात आधीच्या खर्ऱ्याने आणलेली मरगळ नंतरच्या खर्ऱ्याने तेवढी गेलेली असते. कामाचा थकवा तिथेच असतो.

दुसरा परिणाम पोटावर होतो. तंबाखूमुळे भूक मरते. उपाशीपोटी खर्रा खाऊन शेतावर गेलेला माणूस दुपारपर्यंत काढू शकतो, हे अनेकांना सोयीचे वाटते. पण ती भूक भागलेली नसते, फक्त दबलेली असते. शिवाय सुपारीमुळे तोंडातील आतली त्वचा कडक होत जाते, तोंड उघडणे कमी होते आणि तिखट पदार्थ झोंबू लागतात. मग भाजी-वरण नको वाटते, नुसत्या भातावर भागवले जाते आणि अशक्तपणा वाढतो. त्या अशक्तपणावर पुन्हा खर्रा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखू वगळून नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे, हे ‘मी फक्त सुपारी खातो’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. महिलांमध्ये नस आणि गुडाखूचे प्रमाणही दुर्लक्ष करण्यासारखे नाही. गरोदरपणात तंबाखूचा थेट परिणाम बाळाच्या वजनावर होतो.

खर्ऱ्याची आणखी एक बाजू सहसा कुणी बोलत नाही. रोवणीत किंवा रस्त्याच्या कामावर नुसते बसले तर माणूस कामचुकार ठरतो, खर्रा खायला थांबला तर कुणी काही म्हणत नाही. म्हणजे खर्ऱ्यासोबत पाच मिनिटांची विश्रांती मिळते, आणि थकलेल्या शरीराला त्या क्षणी खरी गरज तिचीच असते. त्यामुळे ‘खर्रा सोडा’ एवढेच सांगणाऱ्या सल्ल्यात ती विश्रांतीही हिरावली जाते. थांबणे तसेच ठेवून हातात दुसरे काही देता आले, उदाहरणार्थ पाण्याची बाटली, भाजलेले चणे किंवा फुटाणे, तर सोडणाऱ्याचे काम थोडे हलके होते.

हा थकवा कामाचाच कशावरून?

सवयींबद्दलच्या बहुतेक सल्ल्यांत हा प्रश्न विचारलाच जात नाही. चंद्रपूर आणि गडचिरोलीत तो सर्वात आधी विचारायला हवा. येथे थकव्यामागे आजार असण्याची शक्यता इतकी मोठी आहे की, इच्छाशक्तीच्या गप्पा नंतरच्या.

पहिले कारण रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. चौथ्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते, म्हणजे ते वाढले आहे. हिमोग्लोबिन कमी असले की स्नायूंपर्यंत प्राणवायू कमी पोहोचतो. चढ चढताना धाप लागते, छातीत धडधडते, काम अर्ध्यावर सोडून बसावेसे वाटते. घरात त्याला ‘अंगात जोर नाही’ असे म्हटले जाते आणि विषय तिथेच संपतो. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय होय. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते.

लोहाच्या गोळ्या मिळतात, पण पूर्ण घेतल्या जात नाहीत. मळमळ होते, पोट जड वाटते, शौच काळे होते. काळे शौच घाबरण्यासारखे नसते, मात्र कुणी आधी सांगितले नसेल तर गोळी तिथेच बंद पडते. मळमळ होत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घेता येते. कोरा चहा गोळीसोबत किंवा जेवणाला लागून घेतला तर लोह नीट शोषले जात नाही, त्यामुळे मध्ये किमान तासाभराचे अंतर हवे. लिंबू पिळले तर उलट फायदा होतो. पावसाच्या सुरुवातीला रानातून येणारी तरोट्याची भाजी, अंबाडी, शेवग्याचा पाला या ताटातल्या जुन्याच गोष्टी आहेत. पण रक्तक्षय झाल्यावर केवळ भाजीने तो भरून निघत नाही, गोळी लागतेच. शाळांमध्ये किशोरवयीन मुलांना लोहाची गोळी आठवड्याच्या ठरलेल्या वारी, शक्यतो सोमवारी, देण्याची पद्धत आहे. वार ठरलेला असला की आठवण ठेवावी लागत नाही. घरी हीच युक्ती वापरायला काही हरकत नाही.

दुसरे कारण सिकलसेल. पूर्व विदर्भातील आदिवासी आणि अन्य काही समाजांत हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे. यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, लवकर नष्ट होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट आहे. वाहक व्यक्तीला सहसा त्रास होत नाही. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता २५ टक्के असते. सिकलसेलच्या रुग्णाला सतत थकवा, कावीळ आणि अचानक हाडा-सांध्यांत असह्य कळा येऊ शकतात. पाणी कमी पडणे, थंडी आणि अतिश्रम यांमुळे या कळा सुरू होतात. रोवणीत पावसात भिजत, पाणी न पिता, दिवसभर राबणे म्हणजे हे तिन्ही एकत्र आले. अशा रुग्णासाठी दर तासाला पाणी पिणे हा उपचाराचाच भाग आहे. रोजची फॉलिक ॲसिडची गोळी आणि डॉक्टरांनी दिली असल्यास हायड्रॉक्सियुरिया, यांत खंड पडून चालत नाही. लोहाची गोळी मात्र अशा रुग्णाने डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

तिसरे कारण हिवताप. गडचिरोली हा राज्यातील सर्वाधिक हिवतापग्रस्त जिल्ह्यांपैकी एक आहे आणि येथे धोकादायक ‘फाल्सिपॅरम’ प्रकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळतात. पुन्हा पुन्हा होणारा हिवताप रक्त कमी करतो आणि अनेक आठवडे अंगातली ताकद परत येऊ देत नाही. ताप उतरला की औषध सोडून देण्याची सवय येथे महागात पडते. ‘व्हायवॅक्स’ प्रकारात यकृतात दडून बसलेले जंतू मारण्यासाठी १४ दिवसांच्या गोळ्या दिल्या जातात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरे वाटते, माणूस कामावर जातो आणि उरलेल्या गोळ्या कोनाड्यात पडून राहतात. काही आठवड्यांनी ताप परत येतो. आशा सेविकेकडे तपासणीचे किट असते, काही मिनिटांत निदान होते. ताप आलेल्या दिवशीच तपासणी करून घेणे ही या भागातील सर्वात मोलाची सवय म्हणता येईल.

याशिवाय दोन आठवड्यांहून अधिक खोकला आणि वजन घटणे (क्षयरोग), वारंवार लघवी आणि तहान (मधुमेह), अनवाणी शेतात फिरल्याने होणारे आकडीकृमी हीदेखील थकव्याची कारणे आहेत. पंधरवडाभर विश्रांती मिळूनही थकवा कमी होत नसेल तर तपासणी टाळू नये.

बायकांच्या थकव्याचे गणित वेगळे कसे?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या महिला त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर घरकामात भाग घेणारे पुरुष ९७ मिनिटे. रोवणीवरून नवरा-बायको सोबतच परततात. नंतर एक जण पाय धुऊन ओसरीवर टेकतो आणि दुसरी चूल पेटवते. सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेले खाणारी आणि सर्वात शेवटी झोपणारी स्त्री ‘स्वतःसाठी वीस मिनिटे काढा’ हा सल्ला कुठल्या वेळेत पाळणार? तिच्या बाबतीत चांगली सवय बऱ्याचदा घरातल्या दुसऱ्याला लावावी लागते. कुणी पाणी भरले, कुणी मच्छरदाणी बांधली, सगळे एकत्र जेवले, तर तिची झोप वाढते आणि तिच्या ताटात भाजी उरते. आरोग्याच्या जाहिरातींत हे क्वचितच येते.

पाळी बदलत असेल तर सवय कशाला बांधायची?

वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी, २,९२० मेगावॉटचे महाऔष्णिक वीज केंद्र, बल्लारपूरचा कागद कारखाना, सिमेंट कारखाने यांमुळे चंद्रपूर जिल्ह्यातील हजारो घरे पाळ्यांवर चालतात. या आठवड्यात पहिली पाळी, पुढच्या आठवड्यात रात्रपाळी. ‘रोज सकाळी ६ वाजता उठा’ असा नियम अशा घरात पहिल्याच आठवड्यात मोडतो. मग आपल्याच्याने काही होत नाही, असे वाटून सगळेच सोडले जाते.

येथे सवय घड्याळाला न बांधता एखाद्या घटनेला बांधावी लागते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की, ‘मी व्यायाम करीन’ या संकल्पापेक्षा ‘अमुक झाले की मी तमुक करीन’ असे ठरवणारे लोक ते अधिक वेळा पार पाडतात. ड्युटीवरून आल्यावर आंघोळ पाळी कोणतीही असो, होतेच. रक्तदाबाची गोळी आंघोळीच्या साबणाशेजारी नसली तरी आंघोळीनंतरच्या पहिल्या पाण्याशी जोडता येते. डबा भरताना एक फळ किंवा काकडी त्यात जावी, असे ठरले की पाळी बदलली तरी डबा तोच राहतो.

झोप कमी झाली की गोड-तेलकट खाण्याची ओढ वाढते, यामागे भूक वाढवणारे आणि भूक शमवणारे संप्रेरक असतात. २००४ मधील एका अभ्यासात केवळ दोन रात्री अपुरी झोप मिळालेल्या तरुणांमध्येही हा बदल दिसला. म्हणून रात्रपाळीत पहाटे तीनला भजी-समोसा हवाहवासा वाटला तर तो केवळ जिभेचा दोष नसतो. जड जेवण पाळीच्या आधी आणि मध्यरात्रीनंतर हलके खाणे, चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्या भागातच आटोपणे, घरी आल्यावर खिडकीला जाड पडदा आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत, एवढे जमले तरी दिवसाची झोप सुधारते. एक बाब मात्र सवयीच्या पलीकडची आहे. सलग १७ तास जागे असलेल्या माणसाचा प्रतिसाद रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंदावतो, असे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले होते. रात्रपाळी संपवून लगेच दुचाकीने २५-३० किलोमीटर जाण्याआधी वीस मिनिटे डोळे मिटणे शहाणपणाचे. झाडीपट्टीतली रात्रभर चालणारी नाटके पाहून पहाटे गाडी काढणाऱ्या रसिकांनाही हेच लागू होते.

उन्हात आणि जंगलात ‘मॉर्निंग वॉक’ कसा करायचा?

करू नये, असेच उत्तर अनेक गावांसाठी द्यावे लागेल. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि त्यानंतर तेंदूपाने गोळा करायला माणसे पहाटेच जंगलात शिरतात. तेंदूच्या हंगामात चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यांत मजुरांचे, विशेषतः महिलांचे, बळी गेले आहेत. एकट्याने पहाटे रस्त्यावर चालण्याचा शहरी सल्ला जंगललगतच्या गावात जिवावर बेतू शकतो.

त्याची गरजही नसते. एका पुड्यात ७० पाने आणि एका प्रमाणित गोणीत एक हजार पुडे, म्हणजे ७० हजार पाने. ही पाने तोडून, दुपारी घरी बसून पुडे बांधून, ती फळीवर नेऊन मोजून देणाऱ्या कुटुंबाला व्यायामाचा उपदेश कशाला? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम पुरेसे असतात आणि त्यात कामाचे श्रमही धरले जातात. अशा माणसाला हवी असते ती पाठ सरळ करण्याची संधी, पाणी आणि झोप. चालण्याची गरज चंद्रपूरच्या दुकानात, कार्यालयात दहा तास बसणाऱ्याला अधिक आहे.

चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीची नावे मे महिन्यात देशातील सर्वात तप्त ठिकाणांच्या यादीत वारंवार येतात. पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा तहान लागण्याची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. उन्हात राबताना दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला पाणी हे प्रमाण तज्ज्ञ सांगतात. जोरात घाम गेला असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे घरगुती मिश्रण उपयोगी पडते. आंबील, ताक, कैरीचे पन्हे या भागात पूर्वापार आहेच. थकलेल्या माणसाला बाटली भरायचीही इच्छा नसते, म्हणून ती आदल्या रात्री भरून दाराशी ठेवावी. उन्हात काम करणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याचे अंग तापले आणि तोल जाऊ लागला तर तो थकवा समजू नये. तो उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत आणून अंगावर पाणी ओतत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

अर्धी सवय चालते का?

चालते, आणि थकव्याच्या दिवसांत तीच उपयोगी ठरते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात ९६ जणांनी रोज एक नवी कृती करून पाहिली. ती आपोआप होण्याच्या टप्प्यावर यायला मध्यमान ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाच्या बाबतीत २५४ दिवसांचा अंदाज निघाला. ‘२१ दिवसांत सवय’ या समाजमाध्यमी दाव्याला त्यामुळे फारसा आधार उरत नाही. याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर विशेष परिणाम झाला नाही, असेही दिसले. एक खाडा पडला म्हणून पाटी पुसायची गरज नाही.

मच्छरदाणीचेच पाहा. रोज रात्री ती शोधून, चार दोऱ्या बांधून, गादीखाली खोचायची असेल तर रोवणीच्या महिन्यात ती टिकणार नाही. तीच कायमची टांगून दिवसा वर गुंडाळून ठेवली, तर रात्री फक्त खाली सोडायची असते. इच्छाशक्ती तेवढीच, मेहनत एक दशांश. कीटकनाशकयुक्त मच्छरदाणी वारंवार धुऊ नये आणि धुतल्यास सावलीत वाळवावी, नाहीतर औषधाचा असर कमी होतो. पिकाच्या जागलीला जाणाऱ्यासाठी एक जाळी माळ्यावरच ठेवलेली बरी. डास रात्रभर चावतात, आणि जागलीवर गेलेला पुरुष घरच्या मच्छरदाणीच्या हिशेबात नसतो.

ठाऊक असणे पुरेसे नसते, याचे गडचिरोलीतच एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू करून नवजात बालकांच्या मृत्यूवर जगभर नावाजलेले काम करणारे डॉ. अभय बंग यांना १९९५ मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गाठले. इतरांच्या आरोग्यासाठी धावणाऱ्या या डॉक्टरने नंतर स्वतःचा आहार, चालणे, ध्यान, विश्रांती यांची घडी नव्याने बसवली आणि तो प्रवास ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात मोकळेपणाने लिहिला. मराठीत हे पुस्तक इतके वाचले गेले, याचे कारण उघड आहे. ज्ञानाची कमतरता नसलेल्या माणसाचीही दिनचर्या कोसळू शकते, हे वाचकांना ओळखीचे वाटले.

एकट्याने सोडायचे की गावाने?

थकलेल्या माणसासमोर वस्तू नसेल तर निवडीचा प्रश्नच येत नाही. गडचिरोलीतील दारूबंदीचा इतिहास या दृष्टीने पाहता येतो. १९८० च्या दशकाअखेरीपासून गावोगावच्या लोकांनी, त्यातही महिलांनी, लावून धरलेल्या आंदोलनानंतर १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठवण्यात आली. बंदीने अवैध विक्री थांबत नाही, हा चंद्रपुरातील निर्णयामागचा मुख्य युक्तिवाद होता आणि त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. गडचिरोलीत म्हणूनच कायद्याच्या जोडीला २०१६ पासून राज्य सरकार, ‘सर्च’ आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहभागातून ‘मुक्तिपथ’ हे दारू व तंबाखू नियंत्रणाचे अभियान चालवले गेले. त्यात गाव संघटना, गावातील विक्री बंद करण्याचे ठराव आणि व्यसन उपचार शिबिरे यांवर भर राहिला.

खर्ऱ्याच्या बाबतीत हाच मार्ग लहान प्रमाणात वापरता येतो. रोवणीच्या गटात दहा जणी असतील आणि त्यातल्या चौघींनी धुऱ्यावर खर्रा वाटायचा नाही असे ठरवले, तर पाचवीला नकार देणे सोपे जाते. या भागात खर्रा पुढे करणे हा पाहुणचाराचा भाग झाला आहे आणि एकट्याने नाही म्हणणे उद्धटपणाचे वाटते, ही खरी अडचण आहे. शाळकरी मुलांना दुकानात खर्रा आणायला न पाठवणे, हा ग्रामसभेत घेता येण्याजोगा आणखी एक ठराव.

सोडणाऱ्यासाठी पहिले तीन-चार दिवस सर्वात कठीण असतात. याच दिवसांत मरगळ आणि चिडचिड वाढते आणि ‘खर्ऱ्याशिवाय अंगात जोर येत नाही’ ही समजूत पक्की होते. बहुतेकांची ही लक्षणे दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनी १८००-११२-३५६ या नि:शुल्क क्रमांकावर समुपदेशन करते. थकव्यासोबत सतत उदासी, झोप उडणे किंवा जगणे नकोसे वाटणे अशी लक्षणे असतील तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे. मोबाइलला रेंज नसलेल्या गावांत आशा सेविका आणि आरोग्य उपकेंद्र हाच जवळचा पर्याय असतो, आणि हिमोग्लोबिन, सिकलसेल व हिवताप या तिन्ही तपासण्यांची वाटही तिथूनच सुरू होते.